कापणीच्या दिवसांत देहाची काळजी



पाऊस परतला की आपल्या शहापूर-मुरबाडकडे हवा दोन तोंडांनी बोलते. दुपारी ऊन अंगाची लाही करते आणि पहाटे बांधावरचे गवत दवाने भिजलेले असते. हळवे भात पिवळे पडते, आणि घराघरांत कुणाचे डोके दुखते, कुणाचे पित्त खवळते, कुणाला ताप भरतो. जुने लोक शरद ऋतूला वैद्यांची आई म्हणत, कारण ती वैद्यांना पोसते! याच दिवसांत वर्तमानपत्रांतून सल्ले येतात : पाणी भरपूर प्या, तिखट-तळलेले टाळा, दुपारच्या उन्हात फिरू नका, झोप पुरी करा, स्वतःसाठी वेळ काढा. सल्ले चांगलेच आहेत. पण नेमकी तेव्हाच आपल्याकडे कापणी असते. उन्हात फिरू नका, हे शेतात वाकलेल्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचे?

ती पहाटे उठून भाकऱ्या थापते, दिवसभर कापते, संध्याकाळी पुन्हा चुलीशी बसते आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाते. अंगात कसर आली तरी बोलत नाही. ‘एवढी कापणी उरकू दे, मग बघू.’ आपण म्हणतो, किती सोसते! त्यागाचे कौतुक करायला तर आपण ख्रिस्ती माणसे लहानपणापासून शिकलेलो आहोत. पण याला त्याग म्हणायचे का?

आम्हाला वाटते, त्याग ही द्यायची गोष्ट आहे. ज्याला नाही म्हणण्याची मोकळीक आहे, तोच ती देऊ शकतो. जिला ‘तुला बरे आहे ना?’ असे कुणी विचारलेच नाही, तिने काही दिले नाही. तिच्याकडून ते घेतले गेले. त्याला पुण्य म्हणणे आपल्याला सोयीचे असते. पुण्य म्हटले की विळा आपल्या हातात घ्यावा लागत नाही.

देहाला कठोरपणे वागवणारे संत होऊन गेले, हे खरे. पण असिसीच्या संत फ्रान्सिसांनी आपल्या देहाला ‘गाढवबंधू’ म्हणत आयुष्यभर राबवले आणि अखेरीस त्या गाढवाची क्षमाही मागितली, अशी आठवण सांगतात. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी दुःखावरचे उपाय मांडताना मित्रांची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन यांच्या शेजारी झोप आणि आंघोळ यांनाही जागा दिली. सेमिनरीत हे प्रथम वाचताना आम्हाला हसू आले होते. एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकरी दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, परत उठवून जेवू घातले. चालायचे ते त्यानंतर. आणि हा ऑक्टोबर, जपमाळेचा महिना. संध्याकाळी जपमाळ म्हणताना थकलेल्या बाईला डुलकी लागली तर तिला कोपराने ढोसू नका. लिज्यूच्या संत तेरेजाचा सण याच महिन्याच्या १ तारखेला येतो. तिलाही प्रार्थनेत झोप लागत असे, आणि झोपलेले लेकरूही आईबापांना तितकेच लाडके असते, असे ती म्हणे.

‘मग बघू’ने जीवही जातो. भाताच्या चिखलात उंदरांच्या, गुरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि हातापायांच्या चिरांतून अंगात शिरतात. गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. चावलेल्या जागी कधी काळी खपली दिसते. दोन्ही ताप वेळेवर कळले तर स्वस्त गोळ्यांनी बरे होतात. उशीर झाला की मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस धरतात. पोटऱ्या फार दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे ही चिन्हे दिसली तर एक इंजेक्शन टोचून पुन्हा शेतात जाऊ नये. प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि ‘मी भातात काम करते’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. साप चावला तर मंत्र-झाडपाल्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करून थेट रुग्णालय.

कुणी म्हणेल, फादर, सगळेच आपापल्या देहाचे लाड करू लागले तर कापणी कोण करील? शंका रास्त आहे. शहरात स्वतःसाठी वेळ काढणाऱ्याची भांडी बहुधा दुसरीच कुणी घासत असते. घरात एकाने आडवे व्हायचे तर दुसऱ्याला उभे राहावे लागते. म्हणून ‘मी माझी काळजी कशी घेऊ?’ हा प्रश्न अर्धाच आहे. ती पडली तर तिची पात कोण धरील, हा उरलेला अर्धा. आपल्या वाडवडिलांकडे त्याला उत्तर होते. सावड! आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. मजुरी नाही, हिशेब डोक्यात. सावडीत एखादा तापाने पडला तरी त्याचे भात उभे राहत नसे. आता रोजंदारी आली, सावड मागे पडली. पण घरात तरी ती सुरू करता येईल. पाणी भरणे, भाकरी करणे ही पुरुषांना न जमणारी कामे आहेत, असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले आमच्या वाचनात नाही.

आणि ज्यांना सावडही नाही, त्यांचे काय? दिवाळी झाली की आपल्या भागातली कातकरी कुटुंबे उचल फेडायला वीटभट्ट्यांवर निघतात. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली, तरी उचल घेतलेल्याला आजारी पडण्याची मुभा नसते. मुलेबाळे बरोबर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. यंदा ती निघण्याआधी गरोदर बायांची तपासणी झाली का, लहानग्यांच्या लसीकरणाचे कार्ड गाठोड्यात घेतले का, हे पाड्यांवर जाऊन पाहायचे आहे. कोण कोण येणार, ते पुढच्या रविवारी मिस्सानंतर सांगावे.