फिलिप्पै येथील नागरिक

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 16:16–40



फिलिप्पै येथील बंदिशाळेची कथा आपल्या मंडळ्यांतील लेकरांसही पाठ आहे. मध्यरात्रीची प्रार्थना, भूमिकंप, उघडलेली दारे आणि बंदिशाळेच्या अधिकाऱ्याचा सहकुटुंब बाप्तिस्मा, येथवर आपण मोठ्या आवडीने वाचतो आणि बहुधा येथेच पुस्तक मिटतो. त्यापुढील सहा ओव्यांवर आम्ही स्वतः सेमिनरीत असता परीक्षेपुरते चार शब्द लिहिले होते. पुढे कित्येक वर्षे त्यांवर उपदेश केला नाही. आज त्यांविषयीच बोलावयाचे आहे.

सकाळ होताच नगराच्या अधिकाऱ्यांनी चोपदारांकरवी निरोप धाडिला की, त्या दोघांस सोडून द्यावे. दार उघडे होते, हुकूम झाला होता, तरी पौल जाईना. आपण रोमी नागरिक असता चौकशीवाचून चारचौघांत फटके खाल्ले आहेत, तेव्हा अधिकाऱ्यांनी आपल्या पायांनी यावे आणि उघडपणे बाहेर न्यावे, असे त्याने सांगितले. अधिकारी घाबरले, आले व विनवणी करू लागले. कारण रोमी नागरिकास न्यायनिवाड्यावाचून फटके मारणे हा त्यांच्याच कायद्याप्रमाणे अपराध होता.

पौलावरील आरोप कोणता होता, हेही पाहावे. त्या दासीच्या धन्यांची कमाई बुडाली, हे खरे कारण; पण चावडीवर त्यांनी ते सांगितले नाही. हे लोक यहूदी आहेत, आपण रोमी आहो, यांच्या चालीरीती आपणांस नकोत, असे सांगितले. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती. इ. स. पूर्वी 42 मधील लढाईनंतर तेथे रोमी शिपायांस जमिनी देऊन वसविण्यात आले होते. म्हणजे जे आपणांस गावचे मालक म्हणवीत होते तेही मुळात बाहेरूनच आलेले! असो.

पौलाने हा हट्ट का धरिला? मानासाठी म्हणावे, तर फटक्यांच्या वेळी तो गप्प राहिला होता. आम्हांस असे वाटते की, त्याची दृष्टी लुदियेच्या घराकडे होती. तो स्वतः त्याच दिवशी नगर सोडून जाणार होता. परंतु नव्याने विश्वास धरिलेली ती चार घरे तेथेच राहावयाची होती. पौल गुपचूप निघून गेला असता, तर ती घरे चोरांच्या संगतीची ठरली असती.

आपल्या मंडळ्यांत असे म्हणण्याची सवय आहे की, आपले नागरिकत्व स्वर्गातले आहे, सरकारी कागदांच्या भानगडीत ख्रिस्ती माणसाने पडू नये. हे वचन खरे आहे. परंतु ते कोणास लिहिले गेले? याच फिलिप्पै येथील मंडळीस! ज्यांनी पौलास आपला हक्क सांगताना पाहिले, त्यांसच त्याने पुढे स्वर्गीय नागरिकत्वाचे पत्र पाठविले. एक शिकवण दुसरीस खोडून काढणारी असती, तर त्या लोकांनी ती ऐकून घेतली नसती.

आता आपल्या बुलढाणा जिल्ह्याकडे येऊ. फासेपारधी बांधवांचा बेडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. 1871 साली इंग्रज सरकारने असा कायदा केला की, त्याच्या जोरावर जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या जाऊ लागल्या. पुढे 1924 साली तो अधिक विस्ताराने लागू झाला. नाव नोंदवावयाचे, हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून हलावयाचे नाही, असा तो जाच होता. आम्ही मिशनची लेकरे आहो, म्हणून हेही लपविणे योग्य नव्हे की, तारेच्या कुंपणातील अशा वसाहतींचा कारभार काही ठिकाणी मिशनांनी पाहिला. सोलापूरची वसाहत काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. तेथे शाळा व दवाखान्याचे चांगले कामही झाले, पण कुंपण ते कुंपणच.

26 जानेवारी 1950 रोजी भारताची राज्यघटना लागू झाली. कायद्यापुढे सर्व समान, कोठेही जाण्याची व राहण्याची मोकळीक, प्रौढ स्त्रीपुरुषांस मत, हे सर्व तीत आहे. तरी तो जुना कायदा देशाच्या कायदेपुस्तकातून जावयास 31 ऑगस्ट 1952 उजाडला. कायदा गेला, पण त्याची सावली गावोगाव राहिली. पारधी ही महाराष्ट्रात अनुसूचित जमात आहे. परंतु जातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा लागतो. जो बाप रानोरान हिंडला, त्याचे नाव कोणत्या शाळेच्या दाखल्यात सापडावे? सापडलेच तर पोलिसांच्या वहीत.

येथे आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एका गावी उपासना आटोपून निघत असता गायरानावरील बेड्यातील एक गृहस्थ आमच्याकडे आले. मुलीस शाळेत घातले होते, पण घरात कोणताही कागद नव्हता. हे कुटुंब येथेच राहते, एवढे चार ओळींत लिहून द्यावे, अशी त्यांची विनंती. ते म्हणाले, “पाळकसाहेब, माझ्या बापाची माती इथंच झाली. तुम्ही तर आमची पालं येताजाता पाहता.” आम्ही खरोखरच ती पालं नऊ वर्षे पाहत होतो. परंतु नावे कागदावर चढली की हे लोक गायरान मागतील, अशी गावात कुजबुज होती, आणि मंडळीच्या दोघा वडिलांची शेते त्या गायरानास लागून होती. आम्ही म्हणालो, “मंडळी अशा कामांत पडत नाही.” ते राम राम करून गेले. त्या रविवारी आमच्या उपदेशाचा विषय शेजाऱ्यावरील प्रीती हा होता.

अब्राहामानेही हेथी लोकांपुढे आपण परका व उपरा असल्याचे सांगून बायकोच्या पुरण्यापुरती जागा मागितली होती, आणि त्या मूर्तिपूजक लोकांनी भरल्या वेशीत त्याच्यासाठी साक्ष दिली. आम्ही चार ओळीही दिल्या नाहीत.

आपल्यापैकी कित्येकांस उपरेपण ठाऊक नाही असे थोडेच आहे! लोणार, सिंदखेडराजा तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर जातात, आणि चार-पाच महिने कारखान्याच्या शिवारात कोपीत काढतात. तेथे त्यांचे नाव कोणी विचारीत नाही. अमुक मुकादमाची टोळी, एवढीच ओळख. 2024 साली गाळपाचा हंगाम 15 नोव्हेंबरपासून आणि विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला! जो फडात होता, त्याच्या मताचे काय झाले, हे त्यानेच सांगावे. आपल्या शेजारच्या जालन्याहून मे 2020 मध्ये टाळेबंदीत मध्य प्रदेशाकडे पायी निघालेले मजूर करमाडजवळ थकून रुळांवर झोपले, आणि 8 तारखेच्या पहाटे मालगाडीखाली 16 जण गेले. तेही याच देशाचे नागरिक होते. लेवीय 19 मध्ये परक्यावर प्रीती करण्याची आज्ञा देताना परमेश्वर मिसर देशाची आठवण देतो. आपणांस मिसर आठवण्यासाठी फार दूर जावयास नको. फडावरून परत आलेल्या आपल्याच भावास विचारावे.

आता एक व्यावहारिक गोष्ट. ज्यास घर नाही त्याचेही नाव मतदारयादीत येऊ शकते. त्यासाठी नमुना 6 भरावा लागतो. निवडणूक आयोगाच्या नियमपुस्तिकेत अशी तरतूद आहे की, बेघर माणसाकडे राहण्याच्या जागेचा कागद मागू नये. मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जाऊन तो माणूस तेथेच झोपतो की नाही हे पाहावे, आणि एकाहून अधिक रात्री पाहावे. ही तरतूद वाचली तेव्हा आम्हांस फिलिप्पै आठवले. अधिकाऱ्याने स्वतः यावे! परंतु अर्ज गेल्यावाचून अधिकारी येत नाही, आणि ज्यास लिहिता येत नाही त्याचा अर्ज दुसऱ्या कोणी तरी लिहावा लागतो. यादीत नाव आल्याने जातीचा दाखला मिळत नाही, हेही त्यांस आधीच स्पष्ट सांगावे. खोटी आशा दाखवू नये.

गेल्या महिन्यात आम्ही त्या बेड्यावर गेलो. मुलीने शाळा सोडली आहे. तिचे वडील आम्हांस पाहून उठून उभे राहिले, हे आम्हांस अधिक बोचले. आम्ही क्षमा मागितली. त्यांनी चहा मागविला आणि धाकट्या मुलाविषयी विचारले. आठ मोठ्या माणसांचे अर्ज भरावयाचे आहेत. मंडळीच्या वडिलांपैकी एकजण बरोबर येण्यास तयार झाले. दुसऱ्यांनी अद्याप होकार दिलेला नाही. आपली गुरे चारावयास ते गायरानच आहे, असे ते म्हणतात, आणि त्यांच्या दोन म्हशी व एक गाय आम्ही ओळखतो, म्हणून त्यांचे म्हणणे खोटे म्हणता येत नाही. येत्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही निघणार आहो. ज्यांस अक्षर चांगले येते अशा तरुणांनी पेन घेऊन उपासनामंदिरापाशी सहा वाजता यावे.