रंग सुटा की मेळातला?

बेंगळुरूत चित्रपटकला शिकणारा विद्यार्थी लघुपटाची रंगसंगती ठरवायला बसतो, तेव्हा बहुधा यादी करतो: लाल म्हणजे संताप, निळा म्हणजे एकाकीपणा, पिवळा म्हणजे आनंद. या यादीने एका जुन्या वादात आधीच एक बाजू घेतलेली असते. अनेकरंगी धाग्यांच्या कापडाचा रंग कोणता, असा प्रश्न न्याय-वैशेषिक दार्शनिकांना पडला होता. त्यांच्या मते रंग हा गुण आपल्या द्रव्याला संपूर्ण व्यापतो. मग लाल आणि निळा दोघे एकाच कापडाला कसे व्यापणार? आणि कापडाला रंगच नाही म्हणावे, तर ते दिसते कसे? म्हणून त्यांनी ‘चित्र’ हा वेगळाच रंग मानला. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तल्या सात रंगांत तो शेवटचा आहे. नव्या नैयायिकांपैकी काहींना ही भर अनावश्यक वाटली. कापडापुरते त्यांचे म्हणणे कदाचित खरे असेल. पण चित्रपटाच्या बाबतीत मला जुना पक्षच पटतो. चित्रपटाचा रंग एकच असतो, आणि सुट्या रंगांना अर्थ येतो तो त्या एकातून.

याचा पुरावा बेंगळुरूच्याच परंपरेत आहे. इथल्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये व्ही. के. मूर्ती छायालेखन शिकले, आणि पुढे त्यांचे सहायक झालेले गोविंद निहलानीही. मूर्तींनी चित्रित केलेला ‘कागज के फूल’ (१९५९) कृष्णधवल आहे, पण तिथे कृष्णधवल म्हणजे भूतकाळ नव्हे. आठवण आणि वर्तमान दोन्ही त्याच छटांत आहेत. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेल्या श्याम बेनेगलांच्या ‘भूमिका’त (१९७७) मात्र निहलानींनी बालपण कृष्णधवल ठेवले, आणि ते पाहताक्षणी मागे गेलेले वाटते, कारण शेजारी रंगीत आयुष्य उभे आहे. छटा त्याच, बदलला तो मेळ.

याविरुद्ध भरताचा दाखला देता येईल. ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाला रंग नेमून दिला आहे: शृंगाराला श्याम, करुणाला पारव्याचा करडा, रौद्राला तांबडा, अद्भुताला पिवळा. आक्षेप वजनदार आहे. पण त्याच अध्यायात रसाची निष्पत्ती विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भावांच्या संयोगातून होते असे सांगितले आहे. नुसता तांबडा रंग रौद्र निर्माण करतो, असे भरत म्हणत नाही. रंग सिद्ध झालेल्या रसाची ओळख सांगतो, त्याचे कारण होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. आपल्याकडे भगवा आणि हिरवा यांना धर्माचे अर्थ चिकटलेले आहेत. प्रेक्षक ते घरूनच घेऊन येतो, मग एकट्या दिग्दर्शकाचा मेळ काय करणार? अर्थ चिकटलेले आहेत हे खरेच. म्हणूनच मुसलमान पात्राला हिरवा आणि साधूला भगवा देऊन मोकळे होणे मला नैतिकदृष्ट्याही चूक वाटते: माणूस पडद्यावर येण्याआधीच त्याचा निकाल लागलेला असतो. बेंगळुरूच्या करगा उत्सवात धर्मराय मंदिरातून निघालेला मोगऱ्याने मढवलेला करगा, म्हणजे डोक्यावरून नेला जाणारा कलश, हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यात थांबतो. त्या पांढऱ्याला एकाच धर्माच्या रकान्यात बसवणाऱ्याच्या हातून तो उत्सवच निसटतो. म्हणून विद्यार्थ्याने हिरवा टाळू नये. तो एखाद्या हिंदू घराच्या खिडकीलाही द्यावा, शाळेच्या फळ्यालाही, आणि मग मुसलमान पात्राच्या ओढणीलाही. तीन ठिकाणी भेटलेला हिरवा प्रेक्षकाला घरून आणलेला अर्थ पुन्हा तपासायला लावतो. एवढ्यासाठी रंगांचे नमुने सुटे न पाहता पहिल्या दृश्यापासून शेवटच्यापर्यंत एकाच कागदावर मांडावे लागतात, आणि कोणता रंग किती वेळ दाखवायचाच नाही हेही तिथेच ठरवावे लागते.