संथपणा कुणाचा?



रोमच्या तीर्थयात्रेत एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा आम्ही चिविता दी बान्योरेज्जो या टेकडीवरच्या गावी गेलो. संत बोनाव्हेंचर तेराव्या शतकात इथेच जन्मले. सेमिनरीत त्यांच्या तत्त्वज्ञानाने आमची झोप उडवली होती, म्हणून ही ओढ.

गाव मऊ ज्वालामुखी खडकावर वसले आहे आणि त्याखालची चिकणमाती सतत ढासळते. १६९५ च्या भूकंपानंतर बरीच कुटुंबे निघून गेली. आज वर कायमचे राहणारे मूठभरच. मोटार जात नाही, पादचारी पूल चढून जायचे. २०१३ पासून पाहुण्यांना त्यासाठी तिकीट काढावे लागते.

वर जेवायला बसलो. भाजलेल्या पावावर लसूण चोळून ओतलेले ऑलिव्हचे तेल, हाताने वळलेली जाड पास्ता, मेंढीच्या दुधाचे चीज. दोन तास कसे गेले कळले नाही. आमच्यातला एक जण म्हणाला, "फादर, जगावं तर असं!" आम्हीही मान डोलावली. घड्याळ तर आम्ही आधीच खिशात टाकले होते.

तेवढ्यात सोबतची एक वयस्क बाई म्हणाली, "असं होतं तर इथली पोरं गेली का?"

प्रश्न साधा, पण घास अडला. वसईत आपल्या आईवडिलांनी वाडीला पाणी लावले, पहाटेच्या गाडीने भाज्यांच्या पाट्या मुंबईला नेल्या. त्यांना कुणी 'संथ' म्हटले असते तर हसले असते. दुरून जो संथपणा दिसतो, तो जवळून पाहिला तर पुष्कळदा कष्टच असतो. मग त्याचा आस्वाद घेणे चूक का? आम्हाला तसे वाटत नाही. रांधणाऱ्याने मन लावून रांधलेले घाईने गिळणे हाही एक अपमानच. पण दुसऱ्याचे जगणे हे आपल्या विसाव्याचे निव्वळ साधन झाले, तर तिथे काहीतरी बिघडते.

इटलीतच कार्लो पेत्रिनी यांनी 'स्लो फूड' चळवळ उभी केली. १९८६ साली रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅक्डोनाल्ड्स उघडणार म्हणून विरोध झाला, त्यातून तिला जोर आला. तिचे चिन्ह गोगलगाय. तिची मागणी मात्र सावकाश जेवण्यापुरती नाही. अन्न चांगले, स्वच्छ आणि न्याय्य असावे, म्हणजे पिकवणाऱ्याला त्याचे योग्य मोल मिळावे, असे ती म्हणते. पहिले दोन शब्द आपल्याला पटकन पटतात. तिसऱ्यापाशी आपण किंमत विचारतो. बाजारात भाजीवालीशी घासाघीस करताना आम्हीही तेच करतो, हे कबूल केले पाहिजे.

बिल देताना वाढणाऱ्या बाईला आम्ही मोडक्या इटालियनमध्ये विचारले, तुम्ही इथेच राहता का? ती हसली आणि पुलापलीकडे बोट दाखवले. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. उरलेली भांडी आवरून तिला अंधाराआधी उतरायचे होते.