शवपेटीभोवतीचे हसू

मृतदेहाची परवड पाहून सज्जन माणसाने हसावे काय? कुंदन शहा यांचा ‘जाने भी दो यारो’ (१९८३) हा प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने जेमतेम सात लाख रुपयांत निर्मिलेल्या या चित्रपटात लाचखाऊ आयुक्त डिमेलो याचा खून होतो. त्याचे शव पळवापळवीत शवपेटीतून बाहेर पडते आणि अखेर महाभारताच्या रंगमंचावर द्रौपदी म्हणून उभे राहते. प्रेक्षक पोट धरून हसतो.

मृताला माती देणे हे दयाकृत्य मानणारा मीही हसलो. का बरे? पैसा कोणी खाल्ला हे साऱ्यांना ठाऊक असते. न्याय होणार नाही, हेही ठाऊक असते. असहाय माणसाचा दबलेला संताप मग हसण्यातून वाट काढतो. थोर नायक आपल्या वतीने सूड घेईल, हा दिलासा येथे नाही. पूल कोसळतो, शिक्षा होते दोघा निरपराध छायाचित्रकारांना. कैद्यांच्या वेशात ते गळा चिरल्याची खूण करतात आणि आपले हसू ओठांवरच थिजते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. आमच्या रामवाडीवरून जाणाऱ्या महामार्गाने मुंबईस निघालेल्या दोन एस.टी. गाड्या नदीत गेल्या. आप्तेष्ट कित्येक दिवस मृतदेहांची वाट पाहत राहिले. त्यानंतर हा चित्रपट पुन्हा पाहिला, तेव्हा पुलाच्या प्रसंगी मला हसता आले नाही.

हसण्यात पाप नाही. चित्रपटाचे नाव उपरोधाने म्हणते, ‘जाऊ द्या, मित्रांनो.’ हसून झाल्यावर आपणही खरोखर तसेच म्हणतो, तेथे पापाला आरंभ होतो.