दावतीच्या यादीत कोण नाही?

लग्नपत्रिका घरी आली की बोदवडसारख्या गावात निकाहच्या तारखेइतकीच आणखी एका गोष्टीची चौकशी होते : पत्रिका कुणाला पोहोचली आणि कुणाला नाही? एवढ्या कारणावरून सख्ख्या भावांचे बोलणे थांबते, मामाच्या घरचा उंबरठा वर्षानुवर्षे ओलांडला जात नाही. जो कागद दोन घराणी जोडण्यासाठी निघाला, तोच जुनी नाती तोडू लागला तर मूळ प्रश्न विचारणे भाग पडते. निमंत्रण हे यजमानाने केलेले उपकार आहे, फेडावयाचे कर्ज आहे, की कुणाचा हक्क आहे?

हा कागद तसा अलीकडचा आहे. पूर्वी आवतण तोंडी असे. न्हावी किंवा घरातील एखादे बुजुर्ग दारोदार जात, हातावर वेलची अथवा सुपारी ठेवीत आणि निकाहचा दिवस सांगत. घरटी एकाला बोलावणे असे, किंवा साऱ्या घराला ‘चूलबंद’ आवतण असे. पुढे छपाई आली. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले. नस्तालीक लिपीतील उर्दू मजकुरासाठीही हाच शिळाछाप सोयीचा ठरला. १८५४ मध्ये देशभर अर्ध्या आण्याचे टपाल तिकीट आले, १८६७ मध्ये भुसावळहून निघालेला लोहमार्ग बोदवडवरून नागपूरला पोहोचला आणि १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले. दूरच्या नातलगाला घरबसल्या बोलावणे त्यामुळे शक्य झाले.

या सोयीबरोबर एक गोष्ट मात्र हरवली. आवतण देणारा माणूस गल्लीतून चालत जाई. एखादे दार टाळून पुढे जायचे तर त्याला त्या दारासमोरूनच जावे लागे, आणि टाळल्याची लाज पायांना जाणवे. आज यादी घरात बसून होते. कागदावर न लिहिलेले नाव दिसत नाही, म्हणून वगळण्याची लाजही वाटत नाही. तोंडी आवतणातही भेदभाव होता, हे नाकारता येत नाही. परंतु तो उघड्यावर होता.

आता प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळाकडे पाहू. सहीह बुखारी व सहीह मुस्लिममध्ये हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचा प्रसंग आला आहे. त्यांच्या अंगावर पिवळ्या सुगंधाची खूण दिसली तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारपूस केली आणि एका अन्सारी स्त्रीशी त्यांचा विवाह झाल्याचे समजले. मदीना हे लहान शहर, अब्दुर्रहमान (रजि.) हे निकटचे सहकारी, तरीही विवाहाची वार्ता प्रेषितांना (स.) नंतर कळली. त्यांनी ‘मला का बोलावले नाही’ असे विचारले नाही. बरकतीची दुआ केली आणि एका बकरीचा का होईना, वलीमा करण्यास सांगितले. अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) जी तक्रार केली नाही, ती करण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला?

मग निमंत्रणावर कुणाचाच हक्क नाही का? येथे दुसरी हदीस समोर येते. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार, ज्या वलीम्याला श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते, त्याचे भोजन सर्वांत वाईट भोजन होय. विशेष हे की, याच हदीसमध्ये आमंत्रण अव्हेरणाऱ्यालाही अवज्ञाकारी म्हटले आहे. जबाबदारी बोलावणाऱ्यावर आहे, तशीच बोलावलेल्यावरही आहे.

या दोन्ही हदीस एकत्र ठेवल्या की उत्तर स्पष्ट होते. ‘मला बोलावलेच पाहिजे’ असा दावा कोणत्याही एका व्यक्तीला करता येत नाही. पण गरिबांना वगळून दावत करण्याची मुभा यजमानालाही नाही. आपल्या समाजात मात्र नेमके उलटे घडते. रुसतो तो, ज्याच्या घरी दोन वेळचे अन्न आहे आणि ज्याचा दावाच नाही. ज्याला डावलल्याने सारे भोजनच वाईट ठरते तो हमाल, ती विधवा शेजारीण कधी रुसत नाहीत; त्यांना आपले नाव यादीत असेल अशी अपेक्षाच उरलेली नसते. आपण रुसणाऱ्याची समजूत काढतो आणि न रुसणाऱ्याला विसरतो.

हजरत जैनब (रजि.) यांच्या विवाहाच्या वेळी हजरत अनस (रजि.) यांना काही नावे सांगून पाठविण्यात आले, आणि वाटेत जो भेटेल त्यालाही बोलाव, असे सांगण्यात आले. सहीह मुस्लिममधील कथनानुसार सुमारे तीनशे माणसे जमली. त्या यादीत नावे होती, पण यादी नावांपाशी संपत नव्हती. पाहुण्यांसाठीही शिकवण याच प्रसंगी मिळाली : सूरह अल्-अहजाबच्या ५३ व्या आयतीत बोलावल्यावर जावे आणि भोजन झाले की यजमानाला अवघडून न टाकता निघावे, असा आदेश आहे.

पत्रिका छापू नये, असे येथे म्हणायचे नाही. निकाह जाहीर करण्याची शिकवण आहेच, आणि आज विवाह नोंदणीच्या वेळी लग्नपत्रिका पुरावा म्हणूनही जोडली जाते. प्रश्न कागदाच्या किमतीचा आणि त्यावरील मान्यवरांच्या नावांचा आहे. चकचकीत पत्रिकेवर होणाऱ्या खर्चात मोहल्ल्यातील किती माणसे जेवू शकतील, हा हिशेब प्रत्येक वलीने स्वतः करून पाहावा. शेवटी यादी पूर्ण झाली असे वाटले की एकदा आपल्या गल्लीतून पायी चालून यावे, आणि ज्या दारी थांबण्याचे कारण सापडत नाही, त्याच दारी आवतण द्यावे.

अल्लाह आपल्या निकाहमध्ये सुलभता आणि आपल्या दस्तरखानावर बरकत देवो. आमीन.