काडी पेटते का?

घरी केलेल्या लेझरची परीक्षा ठरलेली असते: आगपेटीतली काडी पेटते का? भंगारात निघालेला डीव्हीडी रायटर उघडायचा, त्यातला लाल डायोड अलगद काढायचा, त्याला ठरावीक करंट देणारं छोटं सर्किट जोडायचं, पुढे भिंग, मागे लिथियमचा सेल. सगळं एका टॉर्चच्या नळीत मावतं आणि खिशात राहतं. काडी पेटली, काळा फुगा फुटला, की झाला व्हिडिओ. इंजिनिअरिंगला असताना मीही एक केला होता. तो आनंद खोटा नसतो. फेकून द्यायच्या डब्यातून सुईसारखा प्रकाश बाहेर येतो, आणि तो आपल्या हातानं आलेला असतो.

पण काडी आपण ठेवलेली असते. आपण न ठेवलेल्या गोष्टीवर तो किरण पडला तर काय, हे काडी सांगत नाही.

आपली रोजची नीती विरत जाणाऱ्या गोष्टींवर बेतलेली आहे. समईचा उजेड शेजारच्या ओसरीपर्यंत जाता जाता संपतो, चुलीचा धूर पांगतो. त्यामुळे लांबच्या माणसाशी आपला संबंध कमी, असं मानायची सवय लागते आणि बहुतेक वेळा ते चालूनही जातं. लेझर ही सवय मोडतो. साधारण बऱ्या लेझरचा ठिपका शंभर मीटरवर जेमतेम दहा सेंटिमीटरचा होतो. म्हणजे गल्लीच्या त्या टोकाचा माणूस जवळपास आपल्या समोरच उभा असतो, फक्त आपल्याला दिसत नाही.

त्यात डोळा स्वतःच एक भिंग आहे. बाहुलीतून आत आलेला किरण तो पडद्यावर एका सूक्ष्म बिंदूत गोळा करतो आणि त्याची तीव्रता सुमारे एक लाख पटीनं वाढवतो. एक मिलिवॅटपर्यंतच्या दिसणाऱ्या किरणापासून पापणी वाचवते, कारण ती पाव सेकंदात मिटते. वर सांगितलेला डायोड दोनशे मिलिवॅटच्या आसपास जातो. तिथे पापणी मिटेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि नेत्रपटलाला वेदना कळत नाही. भाजलं तरी दुखत नाही. दुसऱ्या दिवशी वाचताना अक्षरांच्या मधोमध एक काळा डाग दिसतो, तेव्हा काल कुठल्या गच्चीतून काय आलं होतं हे कुणाला आठवणार?

हे कल्पनेतलं नाही. २०२३च्या गणेशोत्सवानंतर राज्यातल्या नेत्रतज्ज्ञांकडे मिरवणुकीतल्या लेझरमुळे पडद्याला इजा झालेले तरुण आले. पुढच्या वर्षी पुण्यात पोलिसांनी अशा लेझरवर बंदीचा आदेश काढला, विषय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. मिरवणुकीतल्या यंत्रात आरसे किरणाला इतक्या वेगानं हलवतात की तो एका जागी क्षणाचा बारीकसा अंशच थांबतो. आरसा अडकला की सगळी ताकद एका बिंदूवर येते. आमच्या पाथर्डीत मिरवणूक पाहायला माणसं ओट्यावर, गच्चीत उभी राहतात आणि लहान मूल बापाच्या खांद्यावर बसतं, म्हणजे नेमकं किरणाच्या उंचीला.

मग जबाबदार कोण? बटन दाबणारा म्हणतो, मंडळानं सांगितलं. मंडळ म्हणतं, आम्ही भाड्यानं आणलं. भाड्यानं देणारा म्हणतो, सेटिंग कंपनीचं आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले याहून सभ्य नाही. फुकट वाटलेल्या बहुतेक कोडसोबत एक परिच्छेद असतो: आहे तसं घ्या, काही झालं तर आम्ही जबाबदार नाही. मला हा परिच्छेद गैर वाटत नाही, कारण तो देणारा आणि घेणारा यांच्यातला करार आहे. घेणारा वाचतो किंवा न वाचता मान्य करतो. गच्चीतल्या माणसानं मात्र काहीच मान्य केलेलं नसतं. ‘स्वतःच्या जोखमीवर करा’ ही ओळ लेझरवर लावली की फसते ती इथेच. जोखीम स्वतःची नसतेच.

यावर नेहमीचं उत्तर येतं: सुरीही कापते, मोटारसायकलही मारते. खरं आहे. पण मोटारसायकलला हॉर्न आहे, नंबरप्लेट आहे, आणि धडक बसली की बसणाऱ्याला कळतं. लेझरच्या बाबतीत ज्याला लागलं त्याला कळत नाही, बघणाऱ्याला कळत नाही, मागे पुरावा राहत नाही. हा किरण काय करू शकतो हे माहीत असायची शक्यता असलेला माणूस साखळीत एकच, तो म्हणजे बनवणारा. म्हणून माझ्या मते इथे हेतू चांगला असणं पुरत नाही. १९९५ साली देशांनी कायमचं आंधळं करण्यासाठीच बनवलेल्या लेझर शस्त्रांवर युद्धातसुद्धा बंदी घालायचं ठरवलं. तिथे हेतूवर बोट ठेवता येतं. छंदात आणि मिरवणुकीत हेतू निर्मळ, आणि डाग मात्र तोच.

बनवणाऱ्यालाही खरंच माहीत असतं का, हा आणखी अवघड भाग. २०१३ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनं १२२ लेझर पॉइंटर मोजले. हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लाल रंगाच्यांपैकी ४४ टक्के नियमात बसले नाहीत. स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून न दिसणारा अवरक्त प्रकाशही गळू शकतो. कारखान्यातून आलेल्या मालाची ही गत, तर मोजायचं यंत्र नसलेल्या घरच्या टेबलावरचं काय?

हे सगळं मी पाथर्डीतल्या माझ्या अकरावीतल्या आतेभावाला फोनवर सांगितलं. त्यानं लाकडावर नक्षी कोरायचं निळं मॉड्यूल शोधून ठेवलं होतं, कित्येक वॅटचं. ‘‘दादा, गच्चीवरून मोहट्याच्या गडापर्यंत जाईल का रे?’’ मध्ये किती घरं आहेत, हे त्याच्या डोक्यात नव्हतं. करूच नको, हे सांगणं सोपं होतं. पण त्यानं ते मागवलंच असतं, आणि मग मला फोन केला नसता.

म्हणून त्याला तुर्भ्याची गोष्ट सांगितली. आज ज्याला आपण बीएआरसी म्हणतो तिथे १९६४ मध्ये लेझर तयार झाला, आणि पुढच्याच वर्षी तिथून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपर्यंत, सुमारे वीस किलोमीटर, प्रकाशावरून संदेश पाठवला गेला. तसं तूही कर. सर्वांत कमी ताकदीचं लाल मॉड्यूल घे, मोबाइलमधलं गाणं त्यावर चढव, समोर बागेतल्या दिव्याचं सोलर पॅनेल आणि त्याला जोडलेला स्पीकर. किरणामध्ये हात घातला की गाणं थांबतं, हात काढला की पुन्हा सुरू. मोजपट्टी लाव, आणि पॅनेलच्या मागे काळी रंगवलेली फळी उभी कर.

‘‘मग काडी नाही पेटणार,’’ तो म्हणाला.

नाही पेटणार.

‘‘आणि फळी कशाला? किरण पॅनेलवरच तर पडणार ना.’’

पॅनेल पडलं तर, एवढंच मी म्हणालो. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग त्यानं विचारलं, गाणं हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत नेलं तर दारात पडदा लावावा लागेल का, कारण आजी मधूनच ये-जा करते.