शिपायाने घर विसरावे काय?

शाळेत १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला जी भाषणे होतात, त्यांत एक वाक्य ठरलेले असते : आपले जवान घरदार, बायकामुले विसरून सीमेवर उभे आहेत. समोरच्या रांगांत ज्यांचे वडील फौजेत आहेत अशी मुलेही बसलेली असतात. अशाच एका समारंभानंतर आठवीतली एक मुलगी माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “सर, बाबा आम्हाला खरंच विसरतात?” मी म्हणालो, “नाही बाळ, विसरत नाहीत.” एवढे उत्तर तिला पुरले. पण त्यातून निघणारा प्रश्न एवढ्याने मिटत नाही. बाप विसरत नसेल, तर विसरण्याला आपण सद्गुण का मानतो? कूच करणाऱ्या शिपायाला घराची ओढ लागणे हा त्याच्या कर्तव्यातला उणेपणा आहे काय?

आपल्या भागात हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. मराठा पलटणींचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. जोयडा, हल्याळ, खानापूर या पट्ट्यातली पोरे तिथल्या भरतीला जातात, आणि एक दिवस लोंढ्याच्या फलाटावर ट्रंक ठेवून उभी असतात. गाडी सुटताना आई रडते, बायको रडत नाही. चारचौघांत रडायचे नाही असे तिला शिकवलेले असते. गाडीतला तोही रडत नाही. म्हणून आपण समजतो, की विसरला.

तानाजी मालुसऱ्यांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाणा घेतला गेला. घरी रायबाचे लग्न ठरले असता ते टाकून तानाजी मोहिमेवर निघाला, असे पोवाडा आणि परंपरा सांगते. आधी कुठले लग्न आणि मग कुठले, हे त्याचे बोलणे चौथीच्या मुलालाही पाठ असते. पण त्या बोलण्याचा अर्थ आपण नीट लावतो का? ‘आधी’ आणि ‘मग’ असा क्रम लावणारा माणूस दुसरी गोष्ट विसरलेला नसतो. विसरला असता तर क्रम लावायची गरजच काय होती? कडा चढताना रायबा त्याच्या मनात होता, असे मानले म्हणजेच त्या चढण्याचे मोल कळते. ज्याला मागे काही ठेवायचेच नाही, त्याच्या पुढे जाण्यात त्याग तो कसला?

शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवस्थेला हे मन ठाऊक होते. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला जी बखर लिहिली, तीत लष्कराचे नियम आले आहेत. पावसाळ्याचे चार महिने लष्कराने मुलखात छावणीला राहावे, दसरा होताच मोहिमेवर निघावे आणि आठ महिने बाहेर काढावे. मोहिमेत बायका बरोबर नेण्याला सक्त मनाई. मोडणाऱ्याला शिक्षा मरणाची. नियम कठोर खराच. पण त्याच्या दोन्ही बाजू एकत्र वाचाव्यात. आठ महिने माणूस घरापासून तोडायचा असेल, तर चार महिने त्याला आपल्या मुलखात आणावे लागते, हेही त्याच नियमात आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणजे दिवाळीला शिपाई घरी नाही. आपण आज ज्या दिवाळीत हा अंक वाचतो आहोत, ती त्या काळी शिपायाच्या घरात एका माणसाच्या उणिवेने साजरी होत असणार.

कोणी म्हणेल, मग कुटुंब बरोबरच न्यावे. पानिपताने त्याचे उत्तर दिले आहे. १७६० साली उत्तरेकडे निघालेल्या फौजेबरोबर बायका होत्या, यात्रेकरू होते, न लढणारी माणसे हजारोंनी होती. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईही होत्या. रसद तुटली तेव्हा ही सगळी तोंडे उपाशी राहिली, आणि १४ जानेवारी १७६१ ला लढायला निघालेल्या फौजेला त्यांना सांभाळत पुढे सरकावे लागले. माणूस जवळ असला म्हणजे काळजी सरते असे नाही. रणात ती दुप्पट होते. तेव्हा शिपायाने घर मागे ठेवणे भागच आहे. प्रश्न उरतो तो मनाचा.

कालिदासाचा यक्ष आठवा. प्रेमात गुंगून त्याने आपल्या कामात हयगय केली आणि वर्षभराचा विरह त्याला शाप म्हणून मिळाला. ज्या रामगिरीवर त्याने तो भोगला, तो आपल्या विदर्भातला रामटेक, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे प्रेमापायी कर्तव्यात चूक होते, हे कवीला मान्य आहे. पण त्या प्रेमाला तो कुठेही हसलेला नाही. १३ एप्रिल १९८४ ला आपल्या सैन्याने सियाचीनवर जी मोहीम सुरू केली, तिचे नाव ‘मेघदूत’ ठेवले गेले. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होते कोण जाणे. पण त्या बर्फात उभ्या असलेल्या जवानाला ते फार शोभते. फरक एवढाच, की यक्षाला विरह मिळाला तो कामात चुकल्याबद्दल, आणि जवानाला मिळतो तो काम चोख केल्याबद्दल.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. पहाऱ्यावरच्या शिपायाचे मन घरी गेले, तर त्याची किंमत शेजारी झोपलेल्या दहा जणांना मोजावी लागेल. सुभेदार जेव्हा जवानाला ‘घर डोक्यातून काढ’ असे दरडावतो, तेव्हा तो निर्दय नसतो. त्याच्यावर त्या दहा जणांची जबाबदारी असते. हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु विसरणे वेगळे आणि बाजूला ठेवणे वेगळे. देवघरातली समई आपण वाऱ्याच्या तोंडावर ठेवीत नाही, आडोशाला ठेवतो. विझवत तर नाहीच. पहाऱ्याचे दोन तास ओढ आडोशाला ठेवणे ही शिस्त झाली. ती विझवून टाकणे ही शिस्त नव्हे, ते माणसाचे नुकसान आहे. ज्याला आपली मुले आठवत नाहीत, त्याला समोर शरण आलेल्या माणसालाही मुले असतील हे कसे आठवणार? हातात शस्त्र असलेला माणूस माणूस राहतो, तो बऱ्याच अंशी मागच्या घरामुळेच.

या ओढीचे ऋण आपल्या तालुक्यावरही आहे. १९६१ पर्यंत कॅसलरॉक हे सरहद्दीचे स्टेशन होते. पलीकडे पोर्तुगीज अंमल. १९५५ मध्ये गोव्याची नाकेबंदी झाली, ये-जा अवघड झाली. इकडच्या लेकी तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे आलेल्या. माहेर आणि सासर यांच्यामध्ये पोलीस उभे राहिले. १९६१ च्या डिसेंबरात फौज निघाली, तेव्हा तिची पूर्वेकडची ६३ वी ब्रिगेड मोलेमवरून फोंड्याकडे गेली. तीत बिहार आणि शीख पलटणी होत्या. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. आपल्या लोकांच्या लेखी ती नुसती ‘फौज’ होती. पण त्या रांगेतला प्रत्येक जण बिहारातल्या किंवा पंजाबातल्या कुठल्या तरी घरात कोणाचा बाप होता, कोणाचा नवरा होता. आपल्या लेकीबाळींना माहेरी येता यावे, म्हणून जो माणूस स्वतःच्या लेकरांपासून इतका दूर चालत आला, त्याच्याविषयी ‘तो घर विसरला होता’ असे म्हणणे मला कृतघ्नपणाचे वाटते.

आणि मागे राहिलेल्या बाईचे काय? शपथ नवऱ्याने घेतली, हिने नाही. तरी निम्मी नोकरी हीच करते. पूर्वी ती पत्रावर ‘५६ ए. पी. ओ.’ एवढाच पत्ता लिहीत असे. नवरा नेमका कुठे आहे हे त्यावरून कळत नसे. पण त्या पत्रांचा एक गुण होता. पत्र पोचेपर्यंत मुलाचा ताप उतरलेला असे, सासूशी झालेले भांडण मिटलेले असे. दुःख वाटेत निवत जाई. आता फोन आहे. आपल्या काही वाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तरी आवाज त्याच क्षणी पोचतो. लेकराचे पहिले पाऊल बापाला दिसते, हे मोठे सुख. पण तापही त्याच रात्री पोचतो, आणि बाप हजार कोसांवर बंदूक घेऊन जागा राहतो. काय सांगायचे आणि काय दोन दिवस थांबवायचे, हा विवेक आता त्या बाईला एकटीला करावा लागतो.

तिच्या अडचणी मोठ्या नसतात, पण रोजच्या असतात. नवऱ्याशी बोलणे मराठीत, कचेरीतला कागद कानडीत. उताऱ्यावर नाव चढवायचे, मुलाचा दाखला काढायचा, मोडलेला बांध घालायचा. दोन्ही भाषा येणारा एखादा शेजारी तासभर बरोबर गेला, तर काम होते. नाही गेला तर ते काम रात्री फोनवरून सीमेवर जाते. शिपायाचे मन पहाऱ्यावर राहावे असे आपल्याला वाटत असेल, तर त्याच्या घरचे हे ओझे आपल्यापैकी कोणीतरी उचलायला हवे. आपण मात्र त्याने ‘घर विसरावे’ असे भाषणात सांगून मोकळे होतो. तो विसरला म्हणजे आपल्यालाही आठवण ठेवण्याचे कारण उरत नाही, असा तर त्यातला हिशेब नसेल ना?

तानाजीच्या गोष्टीचा उत्तरार्ध आपण घाईने सांगतो. तो परत आला नाही. पण परंपरा सांगते, की रायबाचे लग्न राहिले नाही. महाराजांनी ते स्वतः लावून दिले. ‘आधी’ काय ते शिपायाने केले. ‘मग’ म्हणून जे राहिले, ते मागे राहिलेल्यांनी करायचे असते. या दिवाळीत आपल्या गावात अशी किती घरे आहेत, याची मोजणी करायला फार वेळ लागणार नाही.